गेमरनो, विंडोजवरून लिनक्सवर येताना या चुका टाळा

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि ज्यांचे संगणक विंडोज ११ च्या अटींत बसत नव्हते, असे पुष्कळ गेमर लिनक्सकडे वळले. ते येत आहेत याचा मला मनापासून आनंद आहे, पण त्यांच्या अडचणी सोडवायला बसले की त्याच चुका पुन्हा पुन्हा समोर येतात. त्यांतल्या बहुतेकांचे मूळ लिनक्समध्ये नसते आणि गेममध्येही नसते. विंडोजवर वर्षानुवर्षे उपयोगी पडलेली एखादी सवय विचार न करता इकडे आणली जाते आणि इथल्या रचनेत ती बसत नाही.

त्या रचनेविषयी आधी थोडे सांगतो, कारण ती माहीत असली की निम्म्या अडचणींचे कारण आपोआप लक्षात येते. व्हॉल्व्हने ऑगस्ट २०१८ मध्ये स्टीममध्ये प्रोटॉन हे विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारे साधन आणले. त्याच्या पोटात वाईन आहे, आणि विंडोजसाठी लिहिलेला प्रोग्राम विंडोजकडे जे जे मागतो ते ते लिनक्सकडून मिळवून देण्याचे काम वाईन करते. गेमचे डायरेक्टएक्स ११ पर्यंतचे ग्राफिक्सचे आदेश डीएक्सव्हीके हा भाग लिनक्सवर चालणाऱ्या वल्कनच्या आदेशांत बदलतो, तर डायरेक्टएक्स १२ साठी हेच काम व्हीकेडी३डी-प्रोटॉन करते. शिवाय प्रत्येक गेमसाठी स्टीम 'कॉम्पॅटडेटा' नावाच्या फोल्डरात एक स्वतंत्र सी ड्राइव्ह तयार करते. पुष्कळ गेमचे सेव्ह त्यातच असतात. गेम सुरू होत नाही म्हणून हे फोल्डर उडवून टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो कधी कधी योग्यही असतो, परंतु क्लाउड सेव्ह नसलेल्या गेमच्या बाबतीत आधी त्याची प्रत काढून ठेवली नाही, तर कित्येक महिन्यांचा खेळ क्षणात जातो.

गेमची यादी न तपासता विंडोज पुसणे

एकट्याने खेळायच्या गेमची फारशी चिंता करावी लागत नाही. ऑनलाइन स्पर्धेच्या गेमचे तसे नाही. इझी अँटी-चीट आणि बॅटलआय या फसवेगिरी रोखणाऱ्या (अँटी-चीट) दोन्ही यंत्रणांनी २०२१ मध्ये प्रोटॉनला आधार दिला, पण तो प्रत्येक गेमच्या निर्मात्याने स्वतः सुरू करावा लागतो आणि अनेकांनी तो केलेला नाही. व्हॅलोरंट, फोर्टनाइट आणि बॅटलफील्ड ६ लिनक्सवर चालत नाहीत. लीग ऑफ लेजंड्स पूर्वी चालत असे, पण मे २०२४ मध्ये त्यात व्हॅनगार्ड ही अँटी-चीट यंत्रणा आली आणि तो बंद झाला. त्याच वर्षाच्या सप्टेंबरमध्ये जीटीए ऑनलाइनची वाट अडली आणि ऑक्टोबरच्या अखेरीस एपेक्स लेजंड्सने लिनक्सला दार बंद केले. उलट काउंटर-स्ट्राइक २ आणि डोटा २ यांच्या थेट लिनक्सच्याच आवृत्त्या आहेत. पीसी गेम पासचे गेमही इथे बसवता येत नाहीत, ब्राउझरमधून क्लाउडवर खेळता येतील तेवढेच खेळता येतात.

तेव्हा आपण प्रत्यक्षात जे गेम खेळतो त्यांची यादी करावी आणि प्रत्येक नाव प्रोटॉनडीबी या खेळाडूंच्या अनुभवांच्या संकेतस्थळावर पाहावे. तिथली पदके पाहून थांबू नये, अलीकडच्या नोंदी वाचाव्यात, कारण दोन वर्षांपूर्वीचे सुवर्णपदक आज खोटे ठरलेले असू शकते. मित्रमंडळी रोज व्हॅलोरंट खेळत असतील आणि तोच तुमचा मुख्य गेम असेल, तर विंडोज ठेवा. अँटी-चीटला चकवून गेम चालवण्याच्या युक्त्या शोधणाऱ्यांना मी मदत करत नाही, कारण त्यात खाते कायमचे बंद होण्याचा धोका असतो.

दोन्ही प्रणाली ठेवायच्या असतील तर माझी पद्धत अशी आहे: लिनक्ससाठी वेगळी डिस्क घ्यायची आणि ते बसवताना विंडोजची डिस्क काढून ठेवायची किंवा बायोसमधून बंद करायची. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचे डिस्क कुलूपबंद करणारे साधन, सुरू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी दुसऱ्या ठिकाणी लिहून ठेवावी, कारण सिक्युअर बूटच्या सेटिंगला हात लावताच विंडोज ती मागू शकते.

जुनी एनटीएफएस डिस्क स्टीमला जोडणे

एवढा वेळ आणि मनस्ताप दुसऱ्या कोणत्याही चुकीने वाया घालवलेला मी पाहिलेला नाही. विचार साधा असतो: विंडोजमध्ये गेमची डिस्क भरलेली आहे, लिनक्सला एनटीएफएस ही विंडोजची डिस्क-मांडणी वाचता आणि लिहिता येते, मग तीच डिस्क स्टीमला दाखवली की पुन्हा डाउनलोड करायला नको.

माझ्या ओळखीतल्या एका तरुणाने हेच केले होते. स्टीमने डिस्क ओळखली, सगळे गेम यादीत दिसले, पण 'प्ले' दाबले की ते बटण काही क्षण 'स्टॉप' होई आणि कोणताही संदेश न देता पुन्हा 'प्ले' वर येई. त्याने प्रोटॉनच्या जुन्या-नव्या आवृत्त्या लावून पाहिल्या, मग डिस्ट्रो (म्हणजे लिनक्सचा प्रकार) बदलला, आणि शेवटी ग्राफिक्स कार्डच बिघडले आहे असे समजून ते बदलायला निघाला. त्याने संगणक माझ्याकडे आणला तेव्हा डिस्क केवळ वाचनासाठी जोडलेली निघाली, म्हणजे प्रोटॉनला तिच्यावर काहीही लिहिता येत नव्हते. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप सुरू होते. ते सुरू असले की 'शट डाउन' केल्यावरही विंडोज पूर्ण बंद होत नाही, डिस्क अर्धवट वापरात असल्याची खूण तशीच राहते, आणि अशा डिस्कवर लिहून तिचे नुकसान करण्यापेक्षा लिनक्स न लिहिणेच पसंत करते. ते योग्यच आहे.

फास्ट स्टार्टअप बंद केल्यावर गेम सुरू झाले. ही डिस्क आता बदलून टाक, असे मी त्याला सांगितले होते, पण गेम चालू लागल्यामुळे ते राहून गेले. पुढे एकदा तो विंडोजमध्ये गेला आणि सुरू होता होताच विंडोजने त्या डिस्कची तपासणी चालवली. प्रोटॉनच्या सी ड्राइव्हच्या फोल्डरात ज्यांच्या नावात कोलन आहे असे दुवे असतात. लिनक्सला ते नाव चालते, पण विंडोजच्या नियमांनुसार फाइलच्या नावात कोलन येऊच शकत नाही, त्यामुळे त्या तपासणीला तो बिघाड वाटला आणि तिने तो 'दुरुस्त' केला. लिनक्सवर परतल्यावर बरेच गेम मोडलेले होते आणि क्लाउड सेव्ह नसलेल्या एका मोठ्या गेममधली त्याची सगळी प्रगती गेली होती. ती परत मिळवण्यासाठी मी बरीच खटपट केली, पण यश आले नाही, आणि त्याचे मला अजूनही वाईट वाटते.

उपाय कंटाळवाणा आहे आणि म्हणूनच लोक तो टाळतात. लिनक्सच्या गेमसाठी ईएक्सटी४ किंवा बीटीआरएफएस या लिनक्सच्या डिस्क-मांडणीचे पार्टिशन करावे, त्यावर स्टीमची नवी लायब्ररी तयार करावी आणि जुन्या डिस्कवरच्या 'कॉमन' फोल्डरातून हव्या त्या गेमचे फोल्डर तिथे नुसते कॉपी करावे. त्यानंतर स्टीममधून तो गेम नेहमीप्रमाणे इन्स्टॉल करायला सांगितला की स्टीम असलेल्या फाइली तपासते आणि फरक असेल तेवढाच भाग उतरवते. कॉम्पॅटडेटाचे फोल्डर तेवढे लिनक्सच्या डिस्कवर ठेवून गेम एनटीएफएसवरच राहू देण्याची एक युक्तीही प्रचलित आहे. ती चालते, पण फास्ट स्टार्टअपची अडचण तिच्याने सुटत नाही, म्हणून मी ती सुचवत नाही.

ड्रायव्हर संकेतस्थळावरून उतरवणे

विंडोजवर ग्राफिक्स कार्डाच्या कंपनीच्या संकेतस्थळावर जाऊन ताजा ड्रायव्हर घेणे ही चांगली सवय मानली जाते. लिनक्सवर एनव्हिडियाची तशी फाइल उतरवून चालवणे ही मात्र संकटाची सुरुवात असते. तो इन्स्टॉलर डिस्ट्रोच्या पॅकेज व्यवस्थेला न विचारता आपल्या फाइली प्रणालीत टाकतो. ड्रायव्हरचा एक भाग कर्नलशी, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याशी, जोडलेला असल्यामुळे कर्नल बदलला की तो भाग नव्याने बांधावा लागतो, आणि तशी सोय झालेली नसेल तर एखाद्या साध्या अपडेटनंतर पडदा काळा राहतो. तोपर्यंत त्या फाइलीची आठवण कोणालाच नसते आणि दोष अपडेटच्या माथी जातो. ड्रायव्हर डिस्ट्रोच्या भांडारातूनच घ्यावा. तो काही आठवडे जुना असेल तर असू द्यावा.

याच ठिकाणी सिक्युअर बूटचा घोळ होतो. ते सुरू असेल तर स्वाक्षरी नसलेला ड्रायव्हर कर्नल आत घेत नाही. म्हणून उबुंटूसारखे डिस्ट्रो ड्रायव्हर बसवताना एक पासवर्ड ठरवायला सांगतात आणि पुढच्या वेळी संगणक सुरू होताना निळा पडदा दाखवतात. तिथे 'एनरोल एमओके' निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो. घाईत असलेला माणूस काही न वाचता 'कंटिन्यू बूट' दाबतो, ड्रायव्हर आत येत नाही, आणि मग गेमची अवस्था पाहून लिनक्स संथ असल्याचे जाहीर करतो. पडद्यावर आलेल्या चार ओळी वाचायला एक मिनिटही लागत नाही. नव्याने येणाऱ्यांना माझी सर्वांत कळकळीची विनंती हीच आहे.

एएमडीचे कार्ड असेल तर वेगळे काही बसवायचे नसते, कारण लागणारे सर्व कर्नलमध्ये आणि मेसा या मुक्त ग्राफिक्स ड्रायव्हरांच्या संचात असते. फक्त अगदी नवे कार्ड आणि डेबियन स्टेबलसारखा जुन्या मेसावर थांबलेला डिस्ट्रो अशी जोडी जमवू नये. एनव्हिडियाच्या केप्लर पिढीच्या जुन्या कार्डांना वल्कन १.३ चा आधार नाही आणि प्रोटॉन ८ पासून तो लागतो, तेव्हा त्या कार्डांवर त्याआधीचा प्रोटॉनच निवडावा. स्टीम फ्लॅटपॅकमधून, म्हणजे डिस्ट्रोपासून स्वतंत्र अशा पॅकेज पद्धतीतून, घेतले असेल तर प्रणालीतला एनव्हिडिया ड्रायव्हर आणि फ्लॅटपॅकमधला ड्रायव्हर एकाच आवृत्तीचे असावे लागतात, म्हणून एकाचे अपडेट केले की दुसऱ्याचेही करावे. मी स्वतः डिस्ट्रोचे नेहमीचे स्टीम पॅकेज वापरतो आणि स्नॅप या उबुंटूच्या तशाच पद्धतीतले स्टीम टाळतो.

सापडेल तो आदेश चिकटवणे

कुठल्या तरी जुन्या चर्चेतून लाँच ऑप्शनची (गेम सुरू करताना स्टीमला द्यायच्या सूचनांची) लांबलचक ओळ उचलून प्रत्येक गेमला लावणारे पुष्कळ आहेत. त्या ओळीतला एखादा पर्याय डीएक्सव्हीके बंद करून जुनी, संथ पद्धत सुरू करणारा असतो आणि वापरणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. ओळ रिकामी ठेवून सुरुवात करावी, एका वेळी एकच बदल करावा, आणि उपयोग झाला नाही तर तो काढून टाकून मगच पुढचा करावा. प्रोटॉनच्या बाबतीतही माझे तेच मत आहे. व्हॉल्व्हने दिलेली स्थिर आवृत्ती बहुतेक गेमना पुरते. जीई-प्रोटॉन ही व्हॉल्व्हबाहेर तयार होणारी प्रोटॉनची आवृत्ती हे उत्तम काम आहे, विशेषतः मधले व्हिडिओ दिसत नसतील तेव्हा, पण पहिल्याच दिवशी सगळ्या गेमना तो लावण्याची गरज नाही.

टर्मिनलमध्ये न वाचता होकार देणे याहून घातक आहे. २०२१ मध्ये पॉप ओएस या डिस्ट्रोच्या स्टीम पॅकेजमध्ये काही काळ दोष होता आणि ते बसवताना डेस्कटॉपची पॅकेजेच काढली जात होती. प्रणालीने तसा स्पष्ट इशारा दिला होता आणि पुढे जायचे असल्यास 'यस, डू ॲज आय से!' हे पूर्ण वाक्य हाताने लिहायला सांगितले होते. लोकांनी ते लिहिले. पॅकेजमधला दोष लवकरच दुरुस्त झाला, पण काढल्या जाणाऱ्या पॅकेजची यादी न वाचण्याची सवय अजून कायम आहे.

परवानगीची अडचण आली की सगळ्या फोल्डरांना सर्वांसाठी मोकळे करणे हाही तसाच आडमार्ग आहे. फोल्डरची मालकी आपल्या नावावर आहे का, एवढेच पाहावे.

काही लहान चुका थोडक्यात सांगतो. गेमची लिनक्स आवृत्ती उपलब्ध असली तरी ती वर्षानुवर्षे दुर्लक्षित असू शकते, त्यामुळे ती अडखळत असेल तर गेमच्या गुणधर्मांतून प्रोटॉन निवडून विंडोजची आवृत्ती चालवून पाहावी. एपिक आणि जीओजीचे इन्स्टॉलर थेट वाईनवर चालवत बसू नये, त्यासाठी हिरोइक हे लाँचर आहे. डीएलएल बदलणारे मॉड नुसते फोल्डरात टाकून चालत नाहीत, त्या फाइलीला प्राधान्य द्यायला वाईनला वेगळे सांगावे लागते. लिनक्सच्या आवृत्तीत मॉड टाकताना नावांतली लहान-मोठी इंग्रजी अक्षरे तंतोतंत जुळवावीत. दोन ग्राफिक्स चिप असलेल्या लॅपटॉपवर गेम कोणत्या चिपवर चालतो आहे ते मँगोहड या खेळताना पडद्यावर आकडे दाखवणाऱ्या साधनात पाहून घ्यावे. एएमडी कार्डावर ४के आणि १२० हर्ट्झ हवे असतील तर डिस्प्लेपोर्टच वापरावे, कारण मुक्त ड्रायव्हरमध्ये एचडीएमआय २.१ चा आधार देण्याचा प्रस्ताव एचडीएमआय फोरमने २०२४ मध्ये नाकारला.

पहिल्या तासात निकाल देणे

पहिल्यांदा चालवताना गेम अडखळतो, कारण शेडर, म्हणजे ग्राफिक्स चिपवर चालणारे छोटे प्रोग्राम, त्याच वेळी तयार होत असतात. 'प्रोसेसिंग वल्कन शेडर्स' ही खिडकी आली की अनेकजण 'स्किप' दाबतात आणि मग अडखळण्याची तक्रार करतात. ते काम पूर्ण होऊ द्यावे, आणि विंडोजशी तुलना करायचीच असेल तर तोच भाग दोन-तीनदा खेळून झाल्यावर करावी. तुलनेत काही डायरेक्टएक्स १२ चे गेम, विशेषतः एनव्हिडियाच्या कार्डांवर, विंडोजपेक्षा मागे पडतात हे खरे आहे आणि ते लपवण्याचे कारण नाही.

गेम सुरूच होत नसेल तर मदत मागण्याआधी त्या गेमसाठी प्रोटॉनचा लॉग चालू करावा. 'स्टीम' या शब्दापुढे गेमचा क्रमांक असलेली फाइल होम फोल्डरात तयार होते. तिच्या शेवटच्या भागात बहुधा नेमके कारण असते, उदाहरणार्थ न सापडलेली डीएलएल किंवा वल्कनला न मिळालेले कार्ड. मदत मागताना ती फाइल, डिस्ट्रोचे नाव, कार्ड, ड्रायव्हरची आवृत्ती आणि गेम कोणत्या प्रकारच्या डिस्कवर आहे, एवढे द्यावे. 'गेम चालत नाही' एवढ्याच वाक्यावर मी पहिला प्रश्न डिस्कचाच विचारतो.