गावातील मद्यपानाचे सर्वेक्षण कसे करावे : गोव्यातील अभ्यासकांसाठी

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) गोव्यातील १५ वर्षांवरील पुरुषांपैकी ३६.९ टक्के आणि स्त्रियांपैकी ५.५ टक्के मद्य घेतात अशी नोंद झाली. देशाचे आकडे अनुक्रमे १८.८ आणि १.३ टक्के होते. गोव्यावर लिहिणारा जवळजवळ प्रत्येक जण हे आकडे उचलतो, परंतु सत्तरी किंवा पेडणे तालुक्यातल्या एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्राला त्यांचा उपयोग फार थोडा. वर्षातून एखाद्या लग्नात बियर घेणारा आणि हात थरथरू नयेत म्हणून रोज सकाळी घोट घेणारा, असे दोघेही त्या आकड्यात एकाच रकान्यात बसतात. आरोग्याच्या दृष्टीने विचारायचे ते किती वेळा, एका बैठकीत किती, आणि त्यातून काय झाले हे. समाजकार्याचे किंवा नर्सिंगचे विद्यार्थी, आरोग्य कर्मचारी आणि पंचायतीच्या पातळीवर काम करणाऱ्या मंडळांनी असे छोटे सर्वेक्षण करायचे ठरवले, तर ते कसे आखावे एवढाच या लेखाचा विषय आहे.

पहिला मोह असतो तो विक्रीच्या आकड्यांचा. अबकारी खात्याची विक्री भागिले लोकसंख्या, असा हिशेब इतरत्र काही अंशी चालतो. गोव्यात तो चालत नाही. २०११ च्या जनगणनेनुसार जेमतेम साडेचौदा लाख वस्तीच्या या राज्यात पर्यटक पितात, जाताना बाटल्या नेतात, आणि करातील फरकामुळे दोडामार्ग, सावंतवाडी, कारवारकडेही माल जातो. उलट, भाटीवर (दारू गाळण्याच्या भट्टीवर) गाळून घरच्या घरी किंवा शेजारीपाजारी संपणारे हुर्राक, म्हणजे काजूच्या रसाचे पहिल्या वाफेचे सौम्य मद्य, त्या नोंदींत कितपत येत असेल, याचा अंदाज काजूच्या हंगामात गावात राहिलेल्या कोणालाही करता येईल. म्हणून घरोघरी जाऊन विचारण्याला पर्याय नाही.

त्यासाठी प्रश्नावली स्वतः रचण्याच्या भानगडीत पडू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने सहा देशांत पारखून १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेली ‘ऑडिट’ ही दहा प्रश्नांची चाचणी उपलब्ध आहे आणि गोव्यातील संशोधनातही ती वापरली गेली आहे. (पंचायतीत मात्र हे नाव घेऊ नये, कोणाचे हिशेब तपासायला आलात, असे विचारले जाते.) पहिले तीन प्रश्न प्रमाणाविषयी, पुढचे तीन अवलंबित्वाच्या खुणांविषयी आणि शेवटचे चार दुष्परिणामांविषयी आहेत. एकूण गुण ० ते ४०. आठ किंवा त्याहून अधिक गुण म्हणजे धोक्याचे मद्यपान, १६ ते १९ म्हणजे समुपदेशन आणि पाठपुरावा आवश्यक, आणि २० पासून पुढे अवलंबित्वाची शक्यता धरून तज्ज्ञाकडे पाठवावे, अशी ढोबळ विभागणी आहे. तंबाखू, गांजा, झोपेच्या गोळ्या वगैरे सर्वच पदार्थांचे एकत्र मोजमाप हवे असेल तर त्याच संघटनेची ‘असिस्ट’ ही आठ प्रश्नांची चाचणी घ्यावी; तिला वेळ अधिक लागतो.

खरे काम सुरू होते ते ‘एक ड्रिंक म्हणजे किती’ या प्रश्नापाशी, आणि बहुतेक विद्यार्थ्यांची सर्वेक्षणे इथेच फसतात. ऑडिटच्या मूळ मार्गदर्शिकेतील एक ड्रिंक म्हणजे १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. आपल्याकडे मोजमाप चालते ते पेग, क्वार्टर, बाटली आणि ग्लासात. रूपांतर सोपे आहे : मिलिलिटर गुणिले अल्कोहोलचे शेकडा प्रमाण भागिले शंभर, गुणिले ०.७८९ (ही अल्कोहोलची घनता), की उत्तर ग्रॅममध्ये येते. या सूत्राने ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीचा किंवा तेवढ्याच तीव्रतेच्या फेणीचा ६० मिलिलिटरचा लार्ज पेग म्हणजे सुमारे २० ग्रॅम, म्हणजे एक नव्हे, दोन ड्रिंक. पाच टक्क्यांच्या बियरची ६५० मिलिलिटरची बाटली सुमारे २६ ग्रॅम. सुमारे १५ टक्क्यांचे हुर्राक लिंबू-सोडा घालून उन्हाळ्यात सरबतासारखे घेतले जाते, पण त्याचेही १८० मिलिलिटर २१ ग्रॅमपर्यंत जातात. आणि १८० मिलिलिटरची क्वार्टर? ६१ ग्रॅम. ऑडिटचा तिसरा प्रश्न ‘एका वेळी सहा किंवा अधिक ड्रिंक किती वेळा घेता’ असा आहे. म्हणजे आपल्या भाषेत तो ‘एका बैठकीत क्वार्टर किती वेळा संपते’ असा होतो. तो मूळ शब्दांत विचारला तर ‘सहा? छे, मी दोनच घेतो’ असे उत्तर मिळते, आणि ते दोन पेग ओतणारा हात स्वतःचाच असतो. म्हणून मुलाखतीला जाताना गावातल्या बारमध्ये वापरले जाणारे दोन-तीन आकारांचे ग्लास आणि एक मापपात्र सोबत ठेवावे, उत्तरदात्याला नेहमीएवढे पाणी ओतायला सांगावे आणि ते मोजून लिहावे. घरगुती हुर्राकाची तीव्रता भाटीगणिक बदलते, तेव्हा ती अंदाजे धरली आहे असे अहवालात स्पष्ट नोंदवावे.

प्रश्नांची भाषा हा दुसरा कसोटीचा भाग. आपण वाचतो-लिहितो मराठीत आणि घरात बोलतो कोकणीत, तेव्हा मुलाखत घेणाऱ्यांसाठीच्या सूचना मराठीत आणि प्रश्न बोलीत असणे उत्तम. ‘तुम्ही दारू पिता का?’ असे विचारले की उत्तर नकारार्थीच यायचे, कारण ‘पिणारा’ हे आपल्याकडे वर्णन नसून दूषण आहे. सभ्य माणूस ‘घेतो’. शिवाय बियर म्हणजे दारू नव्हे आणि सर्दीवर घेतलेली फेणी म्हणजे औषध, अशी अनेकांची प्रामाणिक समजूत असते. त्यामुळे बियर, वाइन, व्हिस्की-रम, काजू फेणी, माडाची फेणी आणि हुर्राक यांची नावे एकेक घेऊन गेल्या बारा महिन्यांत घेतली का, असे विचारावे. तयार झालेला अनुवाद दुसऱ्या माणसाकडून परत मूळ भाषेत करवून घ्यावा आणि सर्वेक्षणाच्या गावाबाहेरील पंधरा-वीस जणांवर आधी चालवून पाहावा.

बारा महिने म्हणण्याचे कारण आपल्या पंचांगात आहे. श्रावणात अनेक घरांत मासळीबरोबर ग्लासही बंद होतो, कोणी सोमवार पाळतो, कोणी अय्यप्पाची माळ घालतो, ख्रिस्ती शेजाऱ्यांपैकी काही जण ईस्टरपूर्वीच्या उपवासाच्या काळात मद्य वर्ज्य करतात. उलट मार्च ते मे हुर्राकाचे दिवस, आणि १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात ट्रॉलरवरच्या खलाशांची दिनचर्या पूर्ण वेगळी असते. ‘गेल्या तीस दिवसांत’ हा प्रश्न श्रावणात विचारला तर गाव निर्व्यसनी ठरेल. सर्व मुलाखती एकाच हंगामात करणे भाग असेल तर निदान नेहमीच्या महिन्याचा आणि गेल्या महिन्याचा, असे दोन्ही प्रश्न ठेवावेत.

आता नमुना. धोक्याचे मद्यपान करणारे नेमके किती हे आधी ठाऊक नसते, म्हणून पुरुषांतील ३७ टक्के हेच प्रमाण धरून आणि पाच टक्के इकडे-तिकडे चूक मान्य करून गणित मांडावे : १.९६ (९५ टक्के खात्रीसाठी धरायचा आकडा) चा वर्ग गुणिले ०.३७ गुणिले ०.६३ भागिले ०.०५ चा वर्ग. उत्तर येते ३५९. एकेका वाड्यातील (गावातल्या वस्तीतील) माणसे एकमेकांसारखी असतात, त्यामुळे वाडे निवडून सर्वेक्षण करणार असाल तर या संख्येला दीडने गुणावे (५३९), आणि दहा टक्के लोक नकार देतील असे धरून ६०० जणांची यादी करावी. स्त्रियांमध्ये प्रमाण कमी असल्यामुळे त्यांच्यासाठी वेगळे गणित लागते. यादीसाठी केवळ मतदार यादीवर विसंबू नये. खाणपट्ट्यात, औद्योगिक वसाहतींच्या आसपास आणि बांधकामांवर राहणारे परराज्यातील कामगार तिच्यात बहुधा नसतात. घरांची गणना स्वतः करावी, ठरावीक अंतराने घर निवडावे आणि घरातील कोणाशी बोलायचे हे चिठ्ठी टाकून ठरवावे. दारात भेटला त्याची मुलाखत घेतली, तर सकाळी दहा वाजता घरी असणाऱ्यांचेच सर्वेक्षण होते.

मुलाखत एकांतात व्हायला हवी, आणि गावात हे सांगणे सोपे, साधणे कठीण. ओसरीवर खुर्ची मांडली की चहा येतो आणि चहामागून शेजारीही. माझ्या पहिल्या अशा कामात एका गृहस्थांनी सर्व उत्तरे शून्य दिली आणि आम्ही वही मिटल्यावर स्वयंपाकघरातून त्यांच्या पत्नीने मोठ्याने खरा आकडा सांगितला. तो आम्ही लिहिला नाही, कारण संमती त्यांची होती, तिची नव्हती. स्त्रियांशी स्त्रीनेच बोलावे. उत्तरदाता त्या वेळी नशेत असेल तर त्याची संमती ग्राह्य धरू नये, दुसऱ्या दिवशी सकाळी जावे. हे सारे सुरू करण्याआधी संस्थेच्या नैतिकता समितीची लेखी मान्यता घ्यावी. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे याबाबत स्पष्ट आहेत. नाव आणि उत्तरे एका कागदावर कधीही असू नयेत.

अमली पदार्थांच्या बाबतीत तर हा नियम जिवावरचा आहे, कारण १९८५ च्या एनडीपीएस कायद्याच्या कलम २७ नुसार सेवन हासुद्धा गुन्हा आहे. घरोघरीच्या सर्वेक्षणात अशी माणसे सापडतही नाहीत. सामाजिक न्याय मंत्रालयासाठी एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीने यासाठी वेगळी वाट धरली : सेवन करणाऱ्यांनीच आपल्या ओळखीच्यांना कूपन देऊन पुढे पाठवायचे, आणि मिळालेल्या माहितीची उपचार केंद्रांच्या नोंदींशी सांगड घालायची. समजा, एका केंद्रात वर्षभरात २४० जण नोंदले गेले आणि साखळीतून आलेल्यांपैकी १२ टक्क्यांनी आपण तिथे गेलो होतो असे सांगितले, तर एकूण संख्या २४० भागिले ०.१२, म्हणजे सुमारे २००० निघते. हे उदाहरण काल्पनिक आहे. खऱ्या कामाला प्रशिक्षित पथक लागते. पदवीच्या विद्यार्थ्यांनी किनारपट्टीवर हा प्रयोग करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुष्परिणाम मोजण्यासाठी गोव्याला एक सोय आहे, जी फारसे कोणी वापरत नाही. देशात नोंदलेल्या मृत्यूंपैकी साधारण पाचातल्या एकाचेच कारण डॉक्टरांकडून प्रमाणित होते, तर गोव्यात जवळजवळ सर्वच मृत्यूंचे होते. परवानगी मिळाल्यास मद्यजन्य यकृतविकाराचा के-७० आणि मद्यसेवनाशी निगडित विकारांचा एफ-१० हे रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातील संकेतांक शोधता येतात. मात्र प्रमाणपत्रावर अनेकदा नुसते ‘हृदयक्रिया बंद’ एवढेच लिहिलेले असते आणि रस्त्यावरील अपघाताच्या नोंदीत मद्याचा उल्लेख असेलच असे नाही, तेव्हा मिळालेली संख्या ही किमान संख्या समजावी.

विश्लेषणात दोन चुका हमखास होतात. एक, पूर्वी भरपूर घेऊन आजारपणामुळे सोडलेल्यांना ‘न घेणारे’ या गटात टाकणे. मग थोडी घेणारे अधिक निरोगी दिसू लागतात. दुसरी, एकाच वेळी घेतलेल्या मुलाखतींवरून कार्यकारण ठरवणे. बेकार झाला म्हणून पिऊ लागला की पीत होता म्हणून काम गेले, हे अशा पाहणीतून कळत नाही. टक्केवारीही एकटी लिहू नये : ३५९ पैकी ९६ जणांचे गुण आठच्या वर आले असे मानले, तर २६.७ टक्के, आणि खरा आकडा २२ ते ३१ च्या दरम्यान, असे लिहावे. वाडे निवडले असतील तर ही मर्यादा आणखी रुंद होते. वाड्यावार तक्ते छापू नयेत. चाळीस घरांच्या वाड्यात ‘एक जण’ म्हटले की गाव नाव सांगतो.

ज्यांचे गुण जास्त आले त्यांचे पुढे काय, हे सर्वेक्षणाच्या आदल्या दिवशी ठरलेले हवे. १९९६ पासून गोव्यात काम करणाऱ्या ‘संगाथ’ या संस्थेने समुपदेशनाच्या परिणामाची जी चाचणी घेतली, तिचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. तिच्यात येथील दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांतील, ऑडिटचे १२ ते १९ गुण असलेल्या ३७७ पुरुषांचा समावेश होता. मानसोपचाराची पदवी नसलेल्या, पण प्रशिक्षित स्थानिक समुपदेशकांनी काही मोजक्या भेटी दिल्यावर तीन महिन्यांनी ३६ टक्क्यांचे गुण आठच्या खाली आले, तर नेहमीच्या उपचारांच्या गटात २६ टक्क्यांचे. म्हणजे मधल्या गटासाठी आरोग्य केंद्र पुरू शकते. वीसच्या पुढच्यांना बांबोळीच्या मनोविकार रुग्णालयाची वाट दाखवावी, आणि ‘उद्यापासून बंद करा’ असा सल्ला मुलाखतकाराने चुकूनही देऊ नये : रोज घेणाऱ्याने एकाएकी थांबवल्यास दोन-तीन दिवसांत झटके किंवा भ्रम होऊन जीव धोक्यात येऊ शकतो. प्रत्येक घरी, उत्तरे शून्य असली तरीही, टेली-मानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ आणि व्यसनमुक्तीचा १४४४६ हे क्रमांक छापलेली एकच चिठ्ठी द्यावी, म्हणजे ती कोणाला मिळाली यावरून कोणाचे काही ओळखता येणार नाही.