एकाच रॉक गाण्याचे रीमिक्स रेकॉर्डवर ऐकायचे, तर असे ऐका

रेकॉर्ड आणि सुई पुसून घेणं, कार्ट्रिजचा (सुई बसवलेल्या भागाचा) रेकॉर्डवरचा भार नीट लावणं हे तुम्ही करताच, असं धरून चालतो.

आधी मूळ गाणं सलग दोनदा ऐका. दुसऱ्या वेळी लक्ष फक्त ड्रम आणि बासवर. मूळ कानात मुरलेलं नसेल तर रीमिक्स करणाऱ्याने काय काढलं नि काय घातलं, ते कळणारच नाही. आणि नव्याने मास्टर केलेली प्रत म्हणजे रीमिक्स नव्हे. रीमिक्समध्ये प्रत्येक वाद्याचा ट्रॅक पुन्हा उघडून नवी मांडणी होते, मास्टरिंगमध्ये तयार मांडणीवरच हात फिरतो.

वेग लेबलवर बघून लावा. बारा इंची सिंगल, म्हणजे एकाच गाण्याची मोठी रेकॉर्ड, बऱ्याचदा ४५ वर (मिनिटाला ४५ फेऱ्या) चालते, सगळ्याच नाही. ३३ ची रेकॉर्ड ४५ वर लागली तर सूर पाच अर्धस्वरांहून थोडा जास्त चढतो. गायकाच्या आवाजावरून लगेच समजतं.

आता खरी अडचण: आवाजाची पातळी. मलाही हीच पायरी सर्वांत जड गेली. बारा इंची सिंगलच्या एका बाजूला बहुधा एकदोनच मिक्स असतात, त्यामुळे चरांना, म्हणजे सुई ज्यातून फिरते त्या खाचांना, ऐसपैस जागा मिळते आणि चर कापणारा इंजिनिअर आवाज मोठा ठेवू शकतो. एलपीच्या (अख्ख्या अल्बमच्या रेकॉर्डच्या) बाजूवर वीस-बावीस मिनिटं बसवायची तर चर जवळजवळ घ्यावे लागतात, पातळी उतरते. आपल्या कानाला मोठा आवाज नेहमीच सरस वाटतो. ‘रीमिक्समध्ये काय दम आहे!’ असं कुणी म्हणालं, की मी त्याला विचारतो, आधी व्हॉल्यूम बरोबरीला आणला होता का?

बरोबरी अशी करा. गाणाऱ्याचा आवाज सर्वांत पुढे असेल अशी एक ओळ निवडा, दोन्ही मिक्समध्ये असलेली. एलपीवर ती ऐकून व्हॉल्यूमच्या बटणाशी चिकटपट्टीची खूण करा. मग सिंगलवर तीच ओळ लावून गळा तितकाच येईपर्यंत व्हॉल्यूम कमी करा, दुसरी खूण करा. मोबाइलवरचं डेसिबल मोजणारं ॲप चालेल, फक्त फोन जागेवरून हलवू नका. अख्ख्या गाण्याची सरासरी काढा हा सल्ला मात्र साफ चुकीचा आहे! रीमिक्समधला लांबलचक ड्रमचा तुकडा आकडा फुगवतो, तुम्ही व्हॉल्यूम फार खाली आणता आणि गळा बुडतो. बास-ट्रेबलची बटणं मध्यावर, लाउडनेसचं (कमी आवाजात बास वाढवणारं) बटण बंद.

अजून एक. ३३ वर बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५० सेंटिमीटर चर सरकतो, लेबलजवळ जेमतेम २१. म्हणून बाजूच्या शेवटच्या गाण्यात ‘स’ आणि झांजा खरखरतात. रीमिक्स तिथे असेल तर त्या खरखरीचा दोष मिक्सला देऊ नका.

क्रम: मूळ, रीमिक्स, पुन्हा मूळ. कान थकले की थांबा.

लांब डान्स मिक्सवरून मात्र सुरुवातीलाच सुई उचलू नका. पहिला बराच वेळ नुसता ताल असतो, कारण डीजेला तो आधीच्या गाण्यात मिसळायचा असतो. तुमचं गाणं त्यानंतर येतं.