विद्यार्थ्यांच्या तंत्रज्ञान शुल्कातून खरेदी करताना या चुका टाळा

प्रवेशाच्या पावतीवर कोठे संगणक शुल्क, कोठे इंटरनेट शुल्क, तर कोठे तंत्रज्ञान शुल्क म्हणून जी रक्कम घेतली जाते, तिच्या खर्चाचे प्रस्ताव मी खानदेशात बरीच वर्षे तपासत आलो आहे आणि दरवर्षी त्याच चुका पुन्हा समोर येतात. हे पैसे रावेर-यावलच्या केळीच्या बागांत मजुरी करणाऱ्या आईबापांनी भरलेले असतात. त्यामुळे ते खर्च करताना झालेली घाई मला मनापासून खटकते.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे खोली तयार नसताना यंत्रे मागवणे. मी खरेदी समितीवर असलेल्या एका महाविद्यालयात आर्थिक वर्ष संपत आले म्हणून मार्चच्या शेवटच्या आठवड्यात तीस संगणक आणि वीज गेल्यावर ते काही वेळ चालू ठेवणारे यूपीएस घेण्यात आले. दर चांगला मिळाला होता आणि कागदपत्रांतही काही उणीव नव्हती, म्हणून मीही सही केली. ज्या खोलीत ते बसवायचे होते, तिथे मात्र जुनी वायरिंग होती, अर्थिंग नव्हते आणि मीटरवर तेवढा मंजूर भारही नव्हता. वायरिंगचा खर्च प्रस्तावात धरलेलाच नसल्यामुळे त्या लेखाशीर्षात (म्हणजे हिशेबात त्या खर्चासाठी ठरवलेल्या सदरात) पैसे उरले नाहीत आणि सगळी खोकी पत्र्याच्या छताखालील भांडारखोलीत गेली. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, तेव्हा पत्र्याखाली काय होत असेल याची कल्पना येथल्या माणसाला वेगळी द्यावी लागत नाही. यूपीएसमधली शिसे-आम्ल बॅटरी वापरात नसली तरी आतून उतरत राहते, उष्णतेत तर अधिक वेगाने उतरते, आणि बराच काळ चार्ज न होता पडून राहिली की तिच्या पट्ट्यांवर लेड सल्फेटचा कठीण थर बसतो, जो नंतर चार्जिंग करूनही पूर्णपणे निघत नाही. जानेवारीत एकदाची जोडणी झाली, तेव्हा वीज जाताच बहुतेक यूपीएस दोन मिनिटेही टिकले नाहीत. संगणकांची तीन वर्षांची वॉरंटी बिलाच्या तारखेपासून सुरू झालेली होती, म्हणजे एकाही विद्यार्थ्याने कळफलकाला हात लावण्याआधीच तिचे नऊ-दहा महिने संपले होते.

तेव्हापासून दरपत्रके मागवण्यापूर्वी मी वायरमनला सोबत घेऊन खोली पाहतो, बोर्ड उघडायला लावतो आणि वायरिंग, अर्थिंग, टेबले व पडदे यांचा अंदाज त्याच प्रस्तावात धरतो. पुरवठा आदेशात वॉरंटी कार्यान्वित केल्याच्या तारखेपासून धरली जाईल आणि बॅटऱ्या जोडणीच्या दिवशीच आणाव्यात, ही दोन वाक्ये मी न चुकता लिहितो. पुरवठादार कुरकुर करतात, पण आदेश हातात पडण्यापूर्वी अट घातली तर ती बहुतेक जण मान्य करतात.

दुसरी चूक मला अधिक लागते. कार्यालयातील प्रिंटर, प्राचार्यांचा लॅपटॉप, कर्मचाऱ्यांच्या हजेरीचे यंत्र अशा वस्तू या शुल्कात बसवण्याची वाट कोणी ना कोणी दाखवतोच आणि नवखे समन्वयक ती आनंदाने धरतात. मी प्रस्तावातील प्रत्येक वस्तूपुढे एकच प्रश्न लिहितो: ही वस्तू विद्यार्थी आठवड्यात किती तास वापरणार? उत्तर लिहिता येत नसेल, तर ती वस्तू कितीही गरजेची असली तरी तिचा खर्च दुसऱ्या शीर्षातून झाला पाहिजे. विद्यार्थ्यांना काय हवे, हेही त्यांना विचारूनच ठरवावे. एकदा चोपड्याकडून येणाऱ्या एका मुलीने नवा संगणक मागितलाच नाही. तिची एसटी पाच वाजता होती आणि प्रयोगशाळा तीनला बंद होत असे, एवढेच तिचे म्हणणे होते. त्या वर्षी आम्ही संगणकांची संख्या कमी केली आणि प्रयोगशाळा उशिरापर्यंत उघडी ठेवण्याची सोय केली. मात्र अशा वेळी साहाय्यकाचे मानधन या शुल्कातून देता येते की नाही, हे आपल्या संस्थेच्या नियमांत आधी वाचून घ्यावे.

यासाठी वेगळी यंत्रणा उभारावी लागत नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, २०१६ नुसार संलग्न महाविद्यालयात महाविद्यालय विकास समिती असते, तिच्या वर्षातून किमान चार बैठका व्हाव्या लागतात आणि विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष व सचिव तिचे सदस्य असतात. प्रवेश संपल्यानंतरच्या पहिल्याच बैठकीत प्रस्ताव ठेवला, तर फेब्रुवारीत सह्यांसाठी धावपळ करण्याची वेळ येत नाही.

दरपत्रकांच्या बाबतीत आडवाटा काढणाऱ्यांना मी स्पष्टच सांगतो की लेखापरीक्षकाची नजर अशा कागदांना सरावलेली असते. एकदा माझ्यासमोर आलेल्या तिन्ही दरपत्रकांत ‘मॉनिटर’ या शब्दाची एकच चूक होती आणि तारखाही एकाच पद्धतीने लिहिलेल्या होत्या. म्हणजे तिन्ही एकाच हाताने तयार केलेली दिसत होती. असे कागद मी परत पाठवतो. ज्या रकमेपुढे निविदा किंवा वरिष्ठांची मंजुरी लागते ती मर्यादा चुकवण्यासाठी एका मागणीचे तुकडे पाडून दहा-दहा संगणकांची तीन बिले करणे हाही तितकाच गंभीर दोष आहे. केंद्राच्या सामान्य वित्तीय नियम, २०१७ मधील नियम १५७ असे तुकडे पाडण्यास मनाई करतो. आपल्या संस्थेला राज्याचे नियम लागू असोत वा संस्थेचे स्वतःचे, तुकडे पाडण्यामागचा हेतू कोठेही लपत नाही.

विंडोज १० ला मिळणारी नियमित सुरक्षा अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली आहेत, त्यामुळे विंडोज ११ चालणार नाही असे जुने मॉडेल स्वस्तात मिळाले तरी घेऊ नये. शाई, सॉफ्टवेअरचे नूतनीकरण आणि वार्षिक देखभाल करार यांची रक्कम पहिल्याच वर्षी बाजूला ठेवावी. निर्लेखित, म्हणजे वापरातून बाद करून नोंदीतून काढलेले, संगणक भंगारवाल्याला देऊ नयेत. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि असे साहित्य नोंदणीकृत उत्पादक, नूतनीकरण करणारे किंवा पुनर्चक्रण करणारे यांच्याकडेच गेले पाहिजे.

माल आला की त्याच दिवशी, खोके उघडतानाच, प्रत्येक यंत्राचा अनुक्रमांक जडवस्तू संग्रह नोंदवहीत (टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत) उतरवावा आणि त्या नोंदीचे पान बिलावर लिहावे. नंतर लिहू म्हणून ठेवलेली नोंद लेखापरीक्षणाच्या आदल्या रात्री लिहिली जाते आणि हमखास चुकते. वर्षअखेर शिल्लक उरली, तर ती त्याच शीर्षात पुढील वर्षी ओढावी आणि तिचा आकडा विकास समितीच्या इतिवृत्तात नोंदवून घ्यावा.