लेझरने टॅटू पुसताना या चुका टाळा

हणजूण, कळंगूट किंवा हरमलच्या किनाऱ्यावर तासाभरात गोंदवून घेतलेला टॅटू तासाभरातच पुसला जाईल, अशा समजुतीने येणारे लोक म्हापशाच्या आमच्या दवाखान्यात वर्षभर असतात. लेझरनंतरचे ड्रेसिंग करण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत. बिघडलेला हात समोर आला, की त्यामागे यंत्राचा दोष क्वचितच असतो. बहुतेक वेळा ऊन, घाई नाहीतर कोणीतरी सुचवलेला घरगुती उपाय असतो.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे उन्हाने रापलेला हात घेऊन येणे. लेझरचा प्रकाश शाईने शोषून घ्यावा, अशी योजना असते. परंतु त्वचेला रंग देणारे मेलॅनिनही तोच प्रकाश शोषते आणि आपल्या सावळ्या त्वचेत ते मुळातच भरपूर असते. काळ्या शाईसाठी १०६४ नॅनोमीटरचे एनडी-यॅग लेझर वापरतात ते यासाठीच, कारण ही तरंगलांबी मेलॅनिन तुलनेने कमी शोषते. लाल शाईला लागणाऱ्या ५३२ नॅनोमीटरला मात्र ही सवलत नाही. त्वचा रापलेली असली, तर शाईपर्यंत पोहोचायची ऊर्जा वरच्या थरातच खर्च होते, कातडी भाजते आणि मागे काळा किंवा पांढरा डाग राहतो.

एका मोटरसायकल पायलटचा, म्हणजे दुचाकीवरून भाडे नेणाऱ्याचा, हात माझ्या चांगला लक्षात आहे. लग्नाआधी कोपराखाली गोंदवलेले एक नाव त्याला घालवायचे होते आणि तो आला ऐन एप्रिलमध्ये, दिवसभर हँडल धरून उन्हात फिरणारा हात घेऊन. डॉक्टरांनी त्याला पूर्ण बाह्यांचा शर्ट वापरायला आणि पावसाळा लागल्यावर यायला सांगितले. एवढा धीर नसल्याने त्याने दुसरीकडे, एका पार्लरमध्ये, लागोपाठ दोन सिटिंग उरकून घेतल्या. पावसाळ्यात तो परत आला, तेव्हा शाई बरीच फिकी झाली होती, पण त्या जागी तेच नाव पांढऱ्या अक्षरांत उमटले होते आणि माझ्या टेबलापासून दारापर्यंत सहज वाचता येत होते. असे पांढरे डाग भरून यायला महिनोन्‌महिने लागतात, आणि काही कधीच भरून येत नाहीत.

तेव्हापासून मी प्रत्येकाला आधी हातातले घड्याळ काढायला लावते. पट्ट्याखालची कातडी आणि बाजूचे मनगट यांच्या रंगात ठळक फरक दिसला, की त्या दिवशी लेझरची गोष्टच नको. निदान चार आठवडे आधी आणि नंतर जागा पूर्ण बरी होईपर्यंत ऊन टाळावे. सनस्क्रीन लावायचे ते जखम भरल्यावर, उघड्या जखमेवर नव्हे. मला विचाराल तर गोव्यात सुरुवात जूनमध्येच करावी, कारण रेनकोटची बाही आपोआप हात झाकते. फक्त ओले झालेले ड्रेसिंग तसेच ठेवू नये.

दुसरी चूक घाईची. “सिस्टर, लग्न दोन महिन्यांवर आलंय, दर पंधरा दिवसांनी नाही का करता येणार?” हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकला आहे, की उत्तर देताना आवाज चढू नये याची काळजी घ्यावी लागते. लेझर शाई बाहेर काढत नाही. ते सेकंदाच्या अब्जांश किंवा त्याहूनही कमी वेळाच्या झोतांनी शाईच्या कणांचे तुकडे करते. ते तुकडे शरीरातल्या पेशी गिळतात आणि लसिकावाहिन्यांतून, म्हणजे शरीरातला पातळ द्रव वाहणाऱ्या बारीक नळ्यांतून, सावकाश वाहून नेतात. म्हणजे खरे काम दोन सिटिंगच्या मधल्या काळात होते, आणि म्हणूनच सहा ते आठ आठवड्यांचे अंतर ठेवतात. ते कमी केल्यास शाई लवकर जात नाही. जखम मात्र कच्ची असतानाच पुन्हा भाजते. सराईत हाताने केलेल्या काळ्या टॅटूलाही बहुधा सहा-दहा सिटिंग लागतात, हिरव्या-निळ्या रंगांना अधिक आणि वेगळी तरंगलांबी. मुहूर्त जवळ आला असेल, तर लांब बाह्यांचे कपडे शिवून घ्यावेत.

लेझर पडताच शाईची जागा पांढरी दिसते, ती वायूच्या बुडबुड्यांमुळे; टॅटू गेला म्हणून फोटो काढणाऱ्यांना अर्ध्या तासात तो पुन्हा दिसतो. त्यानंतर एक-दोन दिवसांत फोड येणे नेहमीचेच आहे. तो सुईने फोडू नये, कारण वरची कातडी हेच तिथले सर्वांत चांगले ड्रेसिंग असते. साध्या पेट्रोलियम जेलीचा पातळ थर आणि न चिकटणारी पट्टी एवढे पुरते. फोड फार ताणला गेला, तर डॉक्टरांना दाखवावा. खाऱ्या पाण्याने जखम सुकते, या समजुतीने मिरामारला डुंबायला जाऊ नये. जखम भरेपर्यंत समुद्र, तळी आणि स्विमिंग पूल वर्ज्य. पू, पसरणारी लाली किंवा ताप दिसल्यास त्याच दिवशी यावे.

बधिर करणारे मलम घरी भरमसाट चोपडून वर प्लॅस्टिक गुंडाळणे धोक्याचे आहे, कारण ते औषध रक्तात उतरते. मुरुमांच्या गोळ्या चालू असतील किंवा गरोदरपण असेल, तर आधी सांगावे. सिगारेट ओढणाऱ्यांचा टॅटू हळू जातो. ओठांवरचा किंवा भुवयांवरचा, तसेच पांढरा-गुलाबी टॅटू लेझरने एकाएकी काळा पडू शकतो. त्यामुळे आधी छोट्या जागेवर चाचणी घेतल्याशिवाय हात लावू देऊ नये.

राहिले घरगुती उपाय. चुना, ऑनलाइन मिळणारी अॅसिडची मलमे आणि आपल्याकडे खास म्हणजे काजूच्या बियांच्या टरफलाचे तेल. त्या तेलाने कातडी जळते हे काजू भाजणाऱ्या प्रत्येक बाईच्या बोटांवर दिसते, तरीही टॅटूवर ते लावून येणारे भेटतातच. शाई त्वचेच्या खालच्या थरात असल्याने ती जागची हलत नाही आणि वर व्रण तेवढा उठतो. असे काही लावून झालेच असेल, तर ते डॉक्टरांपासून लपवू नये. जखम पूर्ण भरेपर्यंत लेझर पुढे ढकलावे लागते, आणि व्रणाखालची शाई काढायला सिटिंगही जास्त लागतात.