जुना आजार असताना व्यायाम: किती करायचा, कसा बदलायचा, कधी थांबायचं

डॉक्टर म्हणतात "रोज चालत जा", आणि विषय तिथेच संपतो. किती चालायचं, दम लागला तर थांबायचं की रेटायचं, काल गुडघा ठणकला तर आज जायचं की नाही, हे सहसा कुणी सांगत नाही. मग माणूस एकतर घाबरून बसून राहतो नाहीतर जोशात येऊन पहिल्याच आठवड्यात इतकं करतो की पुढचे काही दिवस अंथरुणातून उठवत नाही. शुगर, बीपी, हार्ट, सीओपीडी (फुप्फुसांचा जुना दम लागण्याचा आजार), संधिवात, किडनी, काहीही असू दे, आज आपल्याला किती झेपतंय हे आपलं आपल्याला कळायला लागलं पाहिजे. ते कळलं की मग कुठला व्यायाम करताय याला तेवढं महत्त्व उरत नाही.

आधी एक गोष्ट. चालता चालता छातीत दुखतं, बसल्याजागी दम लागतो, चक्कर येऊन पडलाय, नुकतंच ऑपरेशन झालंय किंवा हार्ट अटॅक येऊन गेलाय, डोळ्यांच्या पडद्यावर शुगरचा परिणाम झालाय, यातलं काही असेल तर पहिल्यांदा डॉक्टरांना विचारा. आणि विचारताना "व्यायाम करू का" असं नका विचारू, त्याला "हो, थोडा थोडा करा" एवढंच उत्तर मिळतं. "मी काय करायचं नाही, पल्स बघायची का, आणि गोळीची वेळ बदलायची का" असं विचारा. जमत असेल तर सुरुवातीला थोडे दिवस फिजिओकडून शिकून घ्या.

आता आकडा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये जुना आजार असलेल्या मोठ्या माणसांसाठीही आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आणि किमान २ दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम सांगितलाय, वय ६५ च्या पुढे असेल तर तोल सांभाळायचे व्यायाम आठवड्यातून ३ दिवस. हे वाचून बऱ्याच जणांचा धीर खचतो, पण त्याच सूचनांत असंही आहे की काहीच न करण्यापेक्षा थोडं केलेलं बरं, आणि आधी "एका वेळी निदान १० मिनिटं" अशी जी अट असायची ती पण काढून टाकलीये. म्हणजे ३ मिनिटं चाललात तरी ती ३ मिनिटं हिशोबात धरायची. (रोज १०,००० स्टेप्सचं म्हणाल तर तो आकडा १९६५ च्या जपानमधल्या पावलं मोजायच्या एका यंत्राच्या नावातून आलाय, तेवढे झाले नाहीत म्हणून जीवाला लावून घेऊ नका.)

मेहनत किती होतेय हे ओळखायची सगळ्यात सोपी खूण म्हणजे बोलणं. पूर्ण वाक्य बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, तो मध्यम जोर. दोन शब्द बोलून श्वास घ्यावा लागतोय म्हणजे जास्त होतंय, वेग कमी करा. दुसरी पद्धत म्हणजे मनातल्या मनात ० ते १० मार्क देणं, ० म्हणजे आरामात बसलोय आणि १० म्हणजे याच्यापुढे अजिबात शक्य नाही. सुरुवातीला ३-४ च्या वर जायचं नाही. पहिले काही दिवस हे मार्क हास्यास्पद चुकतात, पण दर वेळी द्यायची सवय ठेवली की अंदाज बसतो. घड्याळातल्या पल्सवर मात्र आंधळा विश्वास नको, कारण मेटोप्रोलॉल, अटेनोलॉलसारखी बीटा ब्लॉकर गोळी चालू असेल तर पल्स मुद्दामच खाली ठेवलेली असते, तुम्ही धापा टाकताय आणि घड्याळ म्हणतंय अजून वाढवा.

ताकदीसाठी जिमची गरज नाही, एक खुर्ची पुरे. चाकं नसलेली घ्या, मागून भिंतीला टेकवा. सीटच्या पुढच्या अर्ध्या भागावर बसा, पावलं गुडघ्यांच्या किंचित मागे आणि कमरेइतकी फाकलेली. अंग पुढे झुकवा, नाक पावलांच्या बोटांवर आलं की श्वास सोडत उभे राहा, मग मनात तीन मोजत सावकाश बसा. धपकन बसायचं नाही, खाली बसताना स्नायू जे धरून ठेवतात त्यातच निम्मी कमाई आहे. जमत नसेल तर सीटवर घट्ट उशी ठेवून उंची वाढवा, तरी नाही जमलं तर हातांनी खुर्चीच्या हाताला रेटा द्या. सोपं जायला लागलं की आधी हात सोडा, मग उशी काढा, मग खाली येण्याचा वेळ वाढवा. अजून दोन-तीन नक्की झाले असते असं वाटत असतानाच थांबायचं. उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर दर वेळी क्षणभर उभे राहूनच पुढचं करा, आणि बीपीवाल्यांनी श्वास रोखून जोर लावायचा नाही, त्यानं प्रेशर एकदम उसळतं.

कुठलाही व्यायाम स्वतःला असाच बेतायचा: उंची, आधार, वेग, किती वेळा, आणि मध्ये विश्रांती किती. एका वेळी यातली एकच गोष्ट बदला, नाहीतर कशानं त्रास झाला हेच कळत नाही. जमिनीवर बसवत नसेल तर खुर्चीत, गुडघ्यांवर भार सोसत नसेल तर पाण्यात, उभं राहता येत नसेल तर बसून हातांनी.

आजारानुसार थोडं थोडं वेगळं आहे. शुगरसाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर व्यायामाआधी शुगर बघा, ९० च्या खाली असेल तर आधी काहीतरी खा, आणि मध्येच थरथर, घाम, गोंधळल्यासारखं झालं तर थांबून १५ ग्रॅम ग्लुकोज आणि १५ मिनिटांनी परत तपासणी. व्यायामाचा परिणाम पुढे कितीतरी तास टिकतो, त्यामुळे संध्याकाळी जास्त झालं तर रात्री झोपेत शुगर उतरू शकते. पायाला बधिरपणा असेल तर रोज तळवे बघायचे, अनवाणी अजिबात नाही. फक्त मेटफॉर्मिनवर असाल तर शुगर उतरायची भीती बरीच कमी.

सीओपीडीमध्ये दम लागणारच, तो सांभाळायचा कसा हे शिकायचं असतं. नाकानं श्वास घ्या आणि ओठ शीळ घालताना करतो तसे करून सावकाश सोडा, सोडायला घेण्याच्या दुप्पट वेळ. जिना चढताना एका पायरीवर थांबून श्वास घ्यायचा आणि चढताना सोडायचा. दम फार वाढला तर पुढे वाकून हात मांडीवर किंवा टेबलावर टेकवा, लवकर उतरतो.

गुडघे, संधिवात यांत थोडं दुखणं चालतं. नियम असा की व्यायामानंतर वाढलेलं दुखणं दोन तासांनीसुद्धा तसंच असेल तर पुढच्या वेळी कमी करायचं, बंद नाही करायचं. सांधा लाल, गरम, सुजलेला असेल त्या दिवशी मात्र त्याला फक्त हलकं हलवायचं. डायलिसिसवाल्यांनी फिस्टुलाच्या (डायलिसिसची सुई टोचण्यासाठी ऑपरेशन करून शीर जोडलेल्या) हातावर दाब किंवा ओझं नको. पार्किन्सनमध्ये गोळीचा असर चांगला असतो ती वेळ धरा.

आणि एक अपवाद जो फार कमी लोकांना माहीत असतो. एमई-सीएफएस, म्हणजे तो थकवा ज्यात थोडं जरी जास्त झालं तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी माणूस पार कोसळतो, त्यात "हळूहळू वाढवत जा" हा सल्ला उलटा पडू शकतो. ब्रिटनच्या नाइस या संस्थेनं २०२१ मध्ये ठराविक वाढीचा व्यायाम त्या आजारासाठी द्यायचा नाही असंच सांगितलं. तिथे आपल्याजवळ आहे त्या शक्तीच्या आतच राहायचं. कोविडनंतर असं होत असेल तरी स्वतःला रेटू नका, आधी तपासून घ्या.

बाकीच्यांसाठी, बरं वाटतं त्या दिवशी सगळं उरकायचा मोह टाळा. एका साध्या दिवशी, ना चांगला ना वाईट, जेवढं त्रास न होता झालं त्याच्या थोडं खालूनच सुरुवात करा आणि आठवडाभर तेवढंच ठेवा, अंगात जोर असला तरी. मग थोडं वाढवा. वाईट दिवसासाठी आधीच एक छोटा प्लॅन ठरवून ठेवा, खुर्चीवरून पाच वेळा उठणं आणि घरातल्या घरात दोन फेऱ्या एवढाही चालेल, म्हणजे त्या दिवशी डोकं चालवावं लागत नाही. वहीत तारीख, काय केलं, ० ते १० मधले मार्क आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कसं वाटलं एवढंच लिहा. सगळ्यात कामाचा रकाना तो शेवटचा.

छातीत दुखणं किंवा दाबल्यासारखं, जबड्यात-हातात कळ, अचानक घामाघूम, एका बाजूची ताकद जाणं, बोलणं अडखळणं, भोवळ, यांत लगेच थांबायचं आणि अँब्युलन्स, "जरा बसतो मग बघू" नाही. हार्ट फेल्युअर असेल आणि दोन-तीन दिवसांत वजन २ किलो वाढलं, पाय सुजले, तर व्यायाम बाजूला ठेवून डॉक्टरांना फोन. ताप असेल तर सुट्टी.

आजारपणात खंड पडला की परत सुरू करताना जिथे सोडलं होतं तिथून नाही, साधारण निम्म्यावरून सुरू करा. दोन-तीन वेळा करून बघा, दुसऱ्या दिवशीची सकाळ ठीक गेली तर वाढवा, नाही तर आणखी खाली या. आणि पुढच्या अपॉइंटमेंटला वही घेऊन जा, गोळ्यांचा डोस ठरवताना डॉक्टरांना पण तिचा उपयोग होतो.