दिवाळीनंतरची शाळेची परसबाग: वाफ्यातली आणि वर्गातली

शाळेची परसबाग किडीने कमी आणि सुट्टीने जास्त जाते. पाऊस उघडला की हौसेने मेथी-पालक पेरतात, मग सहामाही परीक्षा येते, मागोमाग दिवाळीची सुट्टी. ऑक्टोबरच्या उन्हात पाण्याविना कोवळं रोप आठवडाभरही तग धरत नाही. म्हणून क्रम पक्का ठेवा: वाफे सुट्टीआधी, बी सुट्टीनंतर. मधल्या दिवसांत शेणखतही मातीत मुरतं.

जागेला रोज किमान ६ तास ऊन हवं. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. एकमजली इमारतीची भर दुपारची सावलीसुद्धा उत्तरेला दहा फुटांपर्यंत जाते, त्यामुळे वाफे इमारतीच्या दक्षिणेला घ्या. वाफा १० फूट लांब आणि ३ फूटच रुंद. मुलांचा हात दोन्ही बाजूंनी मध्यापर्यंत पोहोचला पाहिजे, नाहीतर ती वाफ्यात पाय देतात आणि माती दबते. सातारा-सांगलीतल्या कराड, वाळवा, मिरजेकडच्या काळ्या जमिनीत पाणी साचतं, तिथे ६ इंच उंचीचा गादीवाफा करा. माण, खटाव, जत, आटपाडीच्या मुरमाड रानात याच्या उलट: वाफा सपाट आणि कडेने बांध, म्हणजे पाणी जिरेल.

एका वाफ्याला २ घमेली शेणखत पुरे, पण ते चांगलं कुजलेलं हवं. मूठभर हातात घेतलं तर भुसभुशीत लागावं, शेणाचा वास येऊ नये. खत आधी चाळणीने चाळून घ्या. त्यात पांढरट, जाडसर, इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली, तांबूस डोक्याची अळी सापडली तर ती बहुधा हुमणी. उसाच्या पट्ट्यात ती हमखास दिसते आणि रोपांच्या मुळ्या खाते. चाळताना मुलं ती बरोबर हेरतात. वेचून साबणाच्या पाण्यात टाका.

उसाचं पाचट फुकट मिळतं म्हणून ते मातीत मिसळू नका. ते कुजवताना जिवाणू मातीतला नत्र वापरतात आणि पिकाची पानं पिवळी पडतात. रोपं वीतभर झाल्यावर तेच पाचट वरून २ इंच पसरलं, तर पाणी निम्म्याच्या आसपास वाचतं. कृष्णाकाठच्या क्षारपड जमिनीत वाळल्यावर मातीवर पांढरी खपली येते. अशा ठिकाणी घेवडा आणि गाजराचा नाद सोडा. पालक आणि बीट क्षार बऱ्यापैकी सोसतात. बाकीचं पोत्यात, बाहेरची माती भरून लावा.

पहिल्या पेरणीला मेथी, मुळा, पालक, कोथिंबीर. एका वाफ्याला मेथीचं बी १५ ग्रॅम, धणे २० ग्रॅम, पालक १० ग्रॅम, मुळा ३ ग्रॅम. मुलांच्या हातून बी एका जागी ढीगभर आणि दुसरीकडे काहीच नाही असं पडतं, म्हणून बियाण्यात चौपट कोरडी वाळू मिसळून द्या. अर्धा इंच खोल, दोन ओळींत अर्धी वीत अंतर. धणे हलक्या हाताने रगडून दोन फाकी करा, रात्रभर भिजवून पेरा. मेथी ३-४ दिवसांत वर येते, कोथिंबिरीला १० दिवस लागतात. एवढ्यात "उगवलं नाही" म्हणून मुलं माती उकरतात, त्यांना हे आधीच सांगा. दुकानातलं गुलाबी किंवा निळसर रंग लावलेलं बी औषध चोळलेलं असतं. मुलांसाठी रंग न लावलेलंच मागा.

दुसरं काम वर्गात. टोमॅटो, वांगी, कोबीची रोपं खिडकीत तयार होतात. माती, गांडूळखत आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) समप्रमाणात घ्या. कागदी कपाला किंवा नारळाच्या करवंटीला तळाशी भोकं पाडा. कपात २ बिया, पाव इंच खोल. खिडकी दक्षिणेची किंवा पूर्वेची. रोप लांबट, फिकट आणि वाकलेलं झालं तर उजेड कमी पडतोय, तेव्हा ट्रे सकाळी दोन तास व्हरांड्यात ठेवा. रोप जमिनीलगत बारीक होऊन आडवं पडलं तर तो मर रोग. कारण जवळपास नेहमी एकच, जास्त पाणी. प्रत्येक मूल आपापल्या वेळी थोडं थोडं घालतं आणि कप दिवसभर ओला राहतो. पाणी रोज एकाच मुलाने, वरची माती सुकल्यावरच.

रोपं वाढत असताना एक काचेचा ग्लास घ्या. आत टिपकागद गुंडाळा, कागद आणि काच यांच्यामध्ये भिजवलेली मटकी ठेवा, तळाला बोटभर पाणी. दोन दिवसांत मूळ फुटतं. मग पाणी ओतून ग्लास आडवा करा. दुसऱ्या दिवशी मुळाचं टोक काटकोनात वळून पुन्हा खाली निघालेलं असतं. पाठ्यपुस्तकातलं चित्र पाहून हे मुलांना कळत नाही, ग्लासात पाहून कळतं.

टोमॅटोचं रोप २५ दिवसांनी, चार-पाच पानांचं झालं की बाहेर लावायचं. त्याआधी आठवडाभर ऊन वाढवत नेऊन पाणी कमी करा. लावणी शेवटच्या तासाला, म्हणजे रात्रीच्या गारव्यात रोप सावरतं. टोमॅटोला दीड फूट, वांग्याला दोन फूट अंतर.

पोषण आहाराची भाजी-तांदूळ धुतलेलं पाणी वाफ्याला चालतं. भांडी घासलेलं मात्र नाही, त्यात साबण आणि मीठ असतं. ढगाळ हवेत पानांखाली मावा (रस शोषणारी बारीक कीड) दिसला की ५० ग्रॅम निंबोळी कुटून लिटरभर पाण्यात रात्रभर ठेवा, गाळा, चिमूटभर साबण घाला, संध्याकाळी फवारा. कोंबड्या आणि शेळ्यांना जुन्या साड्यांचं कुंपण पुरतं.

पालक मुळासकट उपटू देऊ नका. जमिनीपासून दोन बोटं वर कापा, तो पुन्हा फुटतो, दोन-तीन कापण्या मिळतात. शेवटी एक टोमॅटो झाडावरच पूर्ण पिकू द्या. गर-बिया वाटीत दोन दिवस आंबवा, धुवा, सावलीत वाळवा आणि पुडीवर तारीख लिहा. संकरित वाणाचं बी ठेवू नका, पुढच्या वर्षी फळ वेगळंच येतं.