गळालेले शिंग उचलण्यापूर्वी

मुंबईतल्या जुन्या घरांत सहाणेशेजारी साबरशिंगाचा एखादा तुकडा हमखास असे. छातीत कफ दाटला किंवा मुका मार लागला, की ते पाण्यात उगाळून त्याचा कोमट लेप लावला जाई. आमच्या गिरगावातल्या बिऱ्हाडातही तो तुकडा होता आणि त्यामुळे हरणाचे शिंग आपोआप गळते, त्यासाठी जनावर मारावे लागत नाही, ही गोष्ट मला शाळेत जाण्याआधीपासून ठाऊक होती. कदाचित म्हणूनच ‘पडलेलेच तर आहे, उचलले तर काय बिघडले?’ हा प्रश्न आपल्या मनात इतक्या सहज येतो. मला तो दोन ठिकाणी विचारला गेला आहे. एकदा बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातल्या पायवाटेवर, सोबत आलेल्या मुलांकडून. आणि अनेकदा अशा आईवडिलांकडून, जे एप्रिल-मे महिन्यांत अमेरिकेत कोलोरॅडो, युटा किंवा वायोमिंगला मुलांकडे राहायला जातात आणि तिथल्या टेकड्यांवर फिरताना त्यांना एल्क या तिथल्या मोठ्या हरणाचे हातभर लांब शिंग गवतात पडलेले दिसते. दोन्हीकडचे नियम वेगळे आहेत, परंतु विचार करण्याची रीत एकच आहे: शिंग फुकट असले तरी त्याच्यापर्यंत जाणे फुकट नसते, आणि ती किंमत बहुधा प्राणी मोजतो.

प्रथम समोर काय पडले आहे ते ओळखावे. मराठीत आपण सगळ्यालाच शिंग म्हणतो, पण गवा, काळवीट आणि चौशिंगा यांची शिंगे हाडाच्या गाभ्यावर चढलेल्या पोकळ आवरणाची असतात, आयुष्यभर वाढतात आणि गळत नाहीत. चितळ, सांबर आणि भेकर यांची शिंगे मात्र भरीव हाडाची असतात. ती वाढताना त्यांच्यावर रक्तवाहिन्यांनी भरलेली मखमली कातडी असते. वाढ पूर्ण झाली की ती सुकते आणि नर ती झाडाझुडपांवर घासून काढतो. माजाचा काळ ओसरल्यावर शरीरातील नर-संप्रेरकाचे प्रमाण उतरते, कवटी आणि शिंग यांच्या सांध्यातील हाड हळूहळू शोषले जाते आणि एके दिवशी चालता चालता शिंग निखळून पडते. म्हणून हात न लावता वाकून बुंधा पाहावा. नैसर्गिकरीत्या गळालेल्या शिंगाच्या बुंध्याशी खडबडीत कडे असते आणि त्याचा तळ खरखरीत, बहुधा किंचित फुगीर असतो. बुंध्याला कवटीचा तुकडा जोडलेला असेल, कापल्याची सरळ खूण दिसत असेल, किंवा जवळपास तारेचा फास आढळला, तर ते गळालेले शिंग नव्हे. तो मेलेल्या, कदाचित मारलेल्या प्राण्याचा पुरावा आहे. अशा वेळी आजूबाजूच्या खुणा न तुडवता आल्या वाटेने मागे फिरावे आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर किंवा जवळच्या चौकीवर कळवावे.

बोरिवलीत, येऊरला किंवा तुंगारेश्वरच्या जंगलात उत्तर सरळ आहे: शिंग उचलू नये. १९२७ च्या भारतीय वन कायद्यात जंगलात सापडलेली किंवा जंगलातून आणलेली शिंगे आणि हाडे ही वनोपजातच मोडतात, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार राष्ट्रीय उद्यानातून वनोपज परवानगीशिवाय बाहेर नेता येत नाही. कायदा नसता तरीही ते तिथेच राहू द्यावे, असे मला वाटते. साळिंदर आणि उंदरांसारखे कुरतडणारे प्राणी ही शिंगे कॅल्शियम आणि फॉस्फरससाठी झिजवतात. कधी हरणेही ती चघळताना दिसतात. जुन्या शिंगावर दातांच्या समांतर खाचा दिसल्या, तर त्या शिंगाचा उपयोग अजून चालू आहे असे समजावे.

याहून मोठे कारण काळाचे आहे. सांबर नर बहुतेक करून उन्हाळ्याच्या सुमारास शिंगे गाळतात, आणि तोच काळ आपल्या पानगळीच्या जंगलात चारा आणि पाणी यांच्या ओढीचा असतो. प्राणी उरलेल्या पाणवठ्यांभोवती आणि सावलीच्या ओढ्यांत एकवटतात, म्हणून शिंगेही तिथेच पडतात, आणि शोधणारा माणूसही नेमका तिथेच जातो. सुमारे १०४ चौरस किलोमीटरच्या या उद्यानाला शहराने जवळजवळ सर्व बाजूंनी वेढले आहे. पाणवठ्यावरून उठवलेल्या प्राण्याला दुसरीकडे जाण्यासाठी इथे फारशी जागा नसते.

म्हणून शिंग दिसले तर ठरलेल्या वाटेवरूनच छायाचित्र घ्यावे, ते इतरांना दाखवताना नेमके ठिकाण सांगू नये आणि बाहेर पडताना वनरक्षकाला सांगावे. मुले सोबत असतील तर तिथेच थांबून बुंधा, खाचा, फाटे दाखवावेत; माझ्या अनुभवाने एवढ्याने त्यांचे कुतूहल भागते. आणखी एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. जंगलातल्या पाड्यांवर राहणाऱ्या आदिवासी कुटुंबांकडे ‘एखादे शिंग मिळाले तर ठेवा, पैसे देऊ’ असे कधीही बोलू नये. आपली हौस दिवाणखान्याची असते. पकडला जातो तो मात्र पाड्यावरचा माणूस.

आता अमेरिकेच्या पश्चिमेकडील प्रदेशाविषयी, कारण तिथे अनेक सरकारी जमिनींवर शिंगे वेचण्यास परवानगी आहे आणि म्हणूनच तिथे अधिक विचार करावा लागतो. रॉकी पर्वतात उंचावर बर्फ साचले की एल्क आणि म्यूल डिअर ही तिथली दुसरी हरणे खालच्या दऱ्यांत व दक्षिणेकडे उतरणाऱ्या उतारांवर येतात, जिथे ऊन अधिक लागते आणि बर्फ पातळ राहते. ही त्यांची हिवाळी कुरणे. कुरण म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर हिरवळ येते, पण तिथे असते ती सेजब्रशची करडी झुडपे आणि वाळलेले गवत. हिवाळ्यात प्राणी जेवढे खातो त्याहून अधिक खर्च करतो, आणि ही तूट शरद ऋतूत साठवलेल्या चरबीतून भरून काढतो. कणगीतले धान्य पुढच्या सुगीपर्यंत पुरवायचे असते, तसाच हा हिशेब आहे. माद्या तर पोटात पिल्लू घेऊन हे दिवस काढतात, कारण त्यांची वीण साधारण जूनच्या आसपास होते.

म्यूल डिअरचे नर मुख्यतः जानेवारी ते मार्च या काळात शिंगे गाळतात आणि एल्क मार्च-एप्रिलमध्ये. म्हणजे आपल्या सांबराप्रमाणेच तिथेही शिंग पडण्याची वेळ आणि प्राण्याच्या ओढग्रस्तीची वेळ एकच ठरते. एखादा माणूस उतारावर चढतो, कळप उठतो आणि गुडघाभर बर्फातून वर धावतो. तासाभराने दुसऱ्या बाजूने दुसरा कोणी येतो आणि तोच कळप पुन्हा हलतो. पळालेले हरीण दूरून धडधाकट दिसते, आणि पाहणाऱ्याला वाटते की काहीच झाले नाही. जळालेली चरबी मात्र त्या ऋतूत परत मिळणार नसते. अशक्त प्राणी कित्येक दिवसांनी, कुणी पाहत नसताना, मरतो आणि त्या मृत्यूचा संबंध आपल्या चालण्याशी कधी जोडलाच जात नाही. मार्चअखेरीस पहिली हिरवी पाती दिसू लागली की माणसांना हिवाळा संपल्यासारखे वाटते, पण प्राण्याची कणगी त्याच सुमारास तळाला लागलेली असते.

म्हणूनच तिथल्या राज्यांनी मुदती ठरवल्या आहेत. कोलोरॅडोमध्ये इंटरस्टेट २५ या महामार्गाच्या पश्चिमेकडील सार्वजनिक जमिनींवर १ जानेवारी ते ३० एप्रिल या काळात शिंगे वेचण्यास बंदी असते. वायोमिंगच्या पश्चिम भागातील ठरावीक क्षेत्रांत मे महिना लागेपर्यंत मनाई असते आणि परराज्यातील माणसाला त्यानंतरही आठवडाभर थांबावे लागते. युटामध्ये ठरावीक महिन्यांत शिंगे वेचणाऱ्याला आधी शिष्टाचाराचा ऑनलाइन अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. २०२३ मध्ये तिथे हिवाळा इतका कडक होता की राज्याने एप्रिलअखेरपर्यंत शिंगे वेचणेच थांबवले. यलोस्टोनसारख्या राष्ट्रीय उद्यानांतून तर कोणत्याही ऋतूत काहीही उचलता येत नाही. वायोमिंगमधील जॅक्सन गावाजवळ १९१२ साली स्थापन झालेल्या नॅशनल एल्क रेफ्यूज या एल्कसाठी राखलेल्या अभयारण्यातही सामान्य माणसाला शिंगे वेचता येत नाहीत; तिथली शिंगे स्थानिक स्काउट मुले गोळा करतात, मे महिन्यात त्यांचा लिलाव होतो आणि त्या पैशांचा मोठा वाटा रेफ्यूजमधील कुरणांच्या कामासाठी परत जातो. मला ही व्यवस्था फार आवडते, कारण तिथे शिंगाची किंमत ज्याचे शिंग त्याच्याच पोटापाण्याला लागते. मुदती आणि हद्दी बदलत असल्याने निघण्याच्या आधी त्या राज्याच्या वन्यजीव विभागाचा चालू नियम मुलांकडून वाचून घ्यावा. खासगी जमिनीवर मालकाची आणि तिथल्या मूळ रहिवाशांच्या आदिवासी राष्ट्रांच्या जमिनीवर त्यांची परवानगी लागते; कुंपण दिसत नाही म्हणून जमीन मोकळी आहे असे धरून चालू नये.

मुदत संपली म्हणजे प्राण्यांचा हिवाळा संपला असेही नाही. बर्फ उशिरापर्यंत टिकलेल्या वर्षी आपण होऊन आणखी दोन आठवडे थांबावे. जाताना कुत्रा सोबत नेऊ नये. आधी रस्त्यावरूनच दुर्बिणीने संपूर्ण उतार सावकाश पाहावा. त्यावर कळप असेल तर तो उतार त्या दिवशी आपल्यासाठी बंद आहे असे मानून दुसरीकडे जावे. गाडी ठरलेल्या रस्त्याखाली उतरवू नये, कारण बर्फ वितळताना ओली झालेली माती चाकांखाली दबते आणि ते चर वर्षानुवर्षे राहतात. चालताना अचानक प्राणी दिसला तर त्याच्या मानेकडे आणि कानांकडे पाहावे. चरणे किंवा रवंथ थांबवून त्याने मान वर केली आणि दोन्ही कान आपल्याकडे वळवले, म्हणजे आपण त्याच्या हिशेबात खर्च म्हणून लागलो आहोत. बसलेला प्राणी उठून उभा राहीपर्यंत किंवा तो पळेपर्यंत वाट पाहू नये. मान वर होताच, त्याच्याकडे टक लावून न पाहता, आल्या वाटेने परतावे. कळप आणि तारेचे कुंपण यांच्या मध्ये तर कधीच जाऊ नये, कारण घाबरलेला प्राणी तारेत अडकतो.

मागच्या एका मे महिन्यात मी आणि माझी मुलगी कोलोरॅडोत अशाच एका उताराखाली गाडी उभी करून बसलो होतो. मुदत उलटून गेली होती आणि दुर्बिणीतून एक मोठे शिंग स्वच्छ दिसत होते, परंतु त्याच्यापासून थोड्या अंतरावर सात माद्या रवंथ करत बसल्या होत्या. आम्ही डबा उघडून जेवलो, तासभर त्यांना पाहिले आणि परत आलो. मुलगी पुन्हा त्या बाजूला गेली नाही, त्यामुळे त्या शिंगाचे पुढे काय झाले ते आम्हाला माहीत नाही.

रीतसर मिळालेले शिंगही मुंबईला आणण्याच्या फंदात पडू नये. वन्यप्राण्यांचे अवयव भारतात आणण्यावर निर्बंध आहेत, आणि विमानतळावर सामान उघडले गेल्यावर हे एल्कचे आहे, बारशिंग्याचे नव्हे, हे सिद्ध करण्याचा भार आपल्यावर येतो. ते मुलांच्या घरीच राहू द्यावे.

राहता राहिली ती आपल्या घरांत पूर्वीपासून असलेली शिंगे. लाकडी फळीवर बसवून भिंतीला लावलेले आजोबांच्या काळचे शिंग असेल, तर प्रथम घरातल्या कागदपत्रांत वनविभागाचे मालकीचे प्रमाणपत्र आहे का ते शोधावे. असे प्रमाणपत्र असले तरी शिंग विकता येत नाही; ऑनलाइन जाहिरात टाकणे तर दूरच. ज्यांच्याकडे प्रमाणपत्र आहे त्यांना ते स्वेच्छेने वनविभागाकडे जमा करण्याची सोय वन्यजीव संरक्षण कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीने झाली आहे. त्यासाठी मोबदला मिळत नाही. प्रमाणपत्र नसेल तर ते गुपचूप कोणाला देऊ नये, कचऱ्यात टाकू नये किंवा जाळू नये. वकिलाचा सल्ला घेऊन वनाधिकाऱ्यांकडे लेखी निवेदन द्यावे. निवेदनात वस्तू घरात कधीपासून आहे, कोणाकडून आली आणि तिचे माप काय, एवढे साध्या मराठीत लिहावे, छायाचित्र जोडावे, दोन प्रती न्याव्यात आणि एकीवर तारखेसह पोच घ्यावी. गिरगावचे बिऱ्हाड हलवताना आम्ही सहाणेशेजारच्या त्या बोटभर तुकड्यासाठीही हेच केले. पोच आईच्या कागदपत्रांच्या फाइलमध्ये आहे, आणि सहाण अजून स्वयंपाकघरात.